करारमुक्त खेळाडू आणि तीन रिकाम्या जागा : पुण्यातील एका व्यावसायिक फुटबॉल संघाचे प्रकरण

पुण्यातील ज्या व्यावसायिक फुटबॉल संघाच्या नोंदणीचे आणि करारांचे काम मी काही हंगाम सांभाळले, त्या संघाच्या एका पावसाळ्याचे हे प्रकरण आहे. संघाचे आणि खेळाडूंचे नाव येथे दिलेले नाही, कारण खेळाडूचा गुडघा आणि त्याचा पगार या दोन्ही त्याच्या खासगी बाबी आहेत. मात्र निर्णय कोणत्या क्रमाने घेतले गेले आणि कोठे चुकले, ते जसे घडले तसे मांडले आहे. राष्ट्रीय पातळीवरील लीगमध्ये खेळणाऱ्या पण मोठ्या उद्योगसमूहाचे पाठबळ नसलेल्या संघांना हाच प्रश्न दर वर्षी पडतो, आणि आपल्याकडे त्यावर लिहिले फार कमी जाते.

भारतीय फुटबॉलमधील बहुतेक करार ३१ मे रोजी संपतात. पुण्यात भाड्याच्या घराचा अकरा महिन्यांचा करार संपत आला की मालक आणि भाडेकरू दोघेही एकमेकांच्या तोंडाकडे पाहू लागतात, तशीच अवस्था मे महिन्यात संघ आणि खेळाडू यांची होते. त्या वर्षी आमच्या संघातून तीन जण गेले : बचावाच्या मध्यभागी खेळणारा अनुभवी स्टॉपर, आदल्या हंगामात सर्वाधिक गोल केलेला स्ट्रायकर आणि डाव्या बाजूचा लेफ्ट बॅक. तिघांनाही आमच्यापेक्षा जास्त पगार देणारे संघ मिळाले होते, त्यामुळे त्यांना दोष देण्याचे काही कारण नव्हते. व्यवस्थापनाने दिलेल्या रकमेत पगार, प्रवास, निवास आणि मैदानाचे भाडे भागवायचे होते, आणि दुसऱ्या संघाशी करारात असलेला खेळाडू शुल्क मोजून सोडवून आणण्याचा विचारही शक्य नव्हता. म्हणजे तिन्ही जागा करारमुक्त, म्हणजे कोणत्याही संघाशी करार नसलेल्या, खेळाडूंमधूनच भरायच्या होत्या.

करार संपलेला खेळाडू शुल्काविना दुसरीकडे जाऊ शकतो, ही गोष्ट आज आपण गृहीत धरतो, पण ती फार जुनी नाही. बेल्जियमच्या ज्याँ-मार्क बोसमन याचा आरएफसी लीएज या संघाशी असलेला करार १९९० मध्ये संपला, तरी फ्रान्समधील डंकर्क संघाकडे जाण्याच्या त्याच्या मार्गात हस्तांतरण शुल्काची मागणी आडवी आली. हा वाद युरोपीय न्यायालयापर्यंत गेला आणि १५ डिसेंबर १९९५ रोजी न्यायालयाने बोसमनच्या बाजूने निकाल दिला. करार संपल्यावर खेळाडू मोकळा, हे तत्त्व त्यानंतर जगभर रुजले. फिफाच्या नियमांनुसार चालू कराराचे शेवटचे सहा महिने उरले की खेळाडू दुसऱ्या संघाशी पुढचा करार करू शकतो. त्याआधी बोलणी करायची असतील, तर त्याच्या संघाला लेखी कळवणे बंधनकारक आहे.

पुण्यातील फुटबॉलप्रेमींना करारमुक्त खेळाडू हा शब्द आणखी एका कारणाने परिचयाचा आहे. २०१२-१३ च्या आय-लीगमध्ये उपविजेता ठरलेला पुणे एफसी २०१५ नंतर वरिष्ठ संघ म्हणून उरला नाही, डीएसके शिवाजीयन्सने २०१७ मध्ये आय-लीग सोडली, आणि बालेवाडीत खेळणारा एफसी पुणे सिटी २०१९ मध्ये थांबून त्याच्या जागी हैदराबाद एफसी उभा राहिला. संघ बंद पडतो तेव्हा वृत्तपत्रांत मालकांविषयी छापून येते. ड्रेसिंग रूममधील वीस-पंचवीस जण मात्र नवे घर, नवा पगार आणि नवे मैदान शोधत फिरतात. या शहरातील संघाने करारमुक्त खेळाडूशी बोलताना एवढे लक्षात ठेवले पाहिजे, की समोरच्याने बहुधा हे सगळे एकदा तरी भोगलेले आहे.

स्ट्रायकर

पहिला प्रयत्न स्ट्रायकरसाठी झाला आणि तोच फसला, म्हणून त्याविषयी सविस्तर लिहितो.

खेळाडू २६ वर्षांचा होता. वरच्या श्रेणीत खेळलेला, उंच, दोन्ही पायांनी फटका मारणारा. चौदा महिन्यांपूर्वी त्याच्या उजव्या गुडघ्याच्या एसीएल अस्थिबंधाची शस्त्रक्रिया झाली होती, हे त्याच्या एजंटने स्वतःहून सांगितले. करार ३१ मे रोजी संपला होता आणि जून महिना तो घरीच होता. जुलैच्या पहिल्या आठवड्यात एका कृत्रिम टर्फवर आम्ही सरावाचा सामना ठेवला. पाऊस थांबून थांबून येत होता, टर्फमधून पाणी उडत होते, आणि अशा मैदानावर त्याने चाळीस मिनिटांत दोन गोल केले. दुसरा गोल हेडरने होता. प्रशिक्षकांनी बाकावरूनच व्यवस्थापकांना मान हलवून होकार दिला, तो मला अजून आठवतो.

आमचे फिजिओ त्या वेळी गोलकडे पाहत नव्हते. हेडरसाठी उडी मारल्यावर तो प्रत्येक वेळी फक्त डाव्या पायावर उतरतो, हे त्यांनी टिपले होते. सामन्यानंतर त्यांनी टेपने दोन्ही मांड्यांचा घेर मोजला; उजवी मांडी दोन सेंटिमीटरने कमी भरली. शस्त्रक्रियेनंतर स्नायू भरून यायला वेळ लागतो हे खरे, पण चौदा महिन्यांनी एवढा फरक राहू नये, असे त्यांचे मत पडले. एका पायावरच्या उडीच्या चाचणीतही उजवा पाय मागे पडला. त्यांनी एमआरआय सुचवला. वेळ सोमवारची मिळाली. तो दिवस गुरुवार होता, आणि एजंटने सांगितले की दुसरा एक संघ शनिवारी करार करायला तयार आहे.

येथे एक उपाय पुढे आला, जो आपल्याकडे अनेक संघांना सहज सुचतो : शनिवारी सही घ्यायची आणि करारात लिहायचे, की एमआरआय ठीक आला तरच करार लागू होईल. मी त्यास विरोध केला. फिफाच्या खेळाडू दर्जा व बदली नियमावलीतील १८ व्या कलमानुसार कराराची वैधता यशस्वी वैद्यकीय तपासणीवर किंवा कामाचा परवाना मिळण्यावर अवलंबून ठेवता येत नाही. तपासणी सहीच्या आधी करायची. सही झाली की करार झाला. हा नियम खेळाडूच्या बाजूचा आहे आणि तो योग्यच आहे, कारण तसे नसते तर प्रत्येक संघाने आधी दहा जणांच्या सह्या घेऊन मग नऊ जणांना एक्स-रेचा कागद दाखवत घरी पाठवले असते.

म्हणजे मार्ग दोनच उरले : सोमवारपर्यंत थांबून खेळाडू गमावण्याची जोखीम घ्यायची, किंवा तपासणीविना सही करायची. अट बेकायदा आहे एवढे मी सांगितले, पण सोमवारपर्यंत थांबा असा आग्रह मी धरला नाही. हंगाम तोंडावर होता, गोल करणारा कोणी नव्हता, आणि ते दोन गोल सर्वांच्या डोळ्यांसमोर होते. शनिवारी संध्याकाळी सही झाली. सोमवारी एमआरआय झाला. अस्थिबंधाचा नवा धागा शाबूत होता, पण सांध्यातील गादी, म्हणजे मेनिस्कस, फाटलेली होती.

अस्थिरोगतज्ज्ञांनी आधी व्यायामाने स्नायू बळकट करून पाहण्याचा सल्ला दिला. तो सहा आठवड्यांनी खेळू लागला, चार सामन्यांत मिळून दीडशेहून थोडी अधिक मिनिटे खेळला, प्रत्येक सामन्यानंतर गुडघा सुजला आणि नोव्हेंबरमध्ये पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागली. संघाने त्याचा पगार ३१ मेपर्यंत पूर्ण दिला आणि शस्त्रक्रियेचा खर्चही उचलला. पगार थांबवावा, असे व्यवस्थापनातील एक-दोन जणांचे म्हणणे होते. ते मान्य झाले नाही याचे मला आजही समाधान वाटते, कारण त्याची दुखापत आम्हाला दिसत होती आणि तपासणीची वाट आम्हीच पाहिली नव्हती.

पुढे त्याने फिजिओंना सांगितले, की गुडघा जूनमध्येच सुजत होता आणि तो घरी बर्फ लावून सामन्यासाठी पुण्याला आला होता. त्याने लपवले, असे म्हणता येईल. मी तसे म्हणणार नाही. करार संपलेल्या खेळाडूला त्या दिवसापासून संघाचा डॉक्टर नसतो, फिजिओ नसतो, विमा नसतो आणि सरावाला सोबतीही नसतात. तो गल्लीतल्या जिममध्ये आणि शाळेच्या मैदानावर एकटाच धावत असतो, आणि पुढचा करार मिळाल्याशिवाय यातले काहीही त्याला परत मिळणार नसते. स्पेनमधील खेळाडू संघटना करार नसलेल्या खेळाडूंसाठी उन्हाळ्यात सराव शिबिरे भरवते, तेथे प्रशिक्षक आणि वैद्यकीय मदत दोन्ही मिळते. आपल्याकडे खेळाडूची अशी काही सोय होत नाही, तोवर त्याची प्रकृती तपासण्याची सगळी जबाबदारी त्याला घेऊ पाहणाऱ्या संघावरच येते.

वलयांकित खेळाडूंच्या बाबतीतही हा धोका टळत नाही, हे पुण्याने आधी पाहिलेले होते. २०१६ च्या इंडियन सुपर लीगसाठी एफसी पुणे सिटीने चेल्सी आणि बार्सिलोनाकडून खेळलेल्या आइसलँडच्या ऐडुर गुडयॉनसनला प्रमुख खेळाडू म्हणून आणले. तेव्हा त्याचे वय ३७ होते. हंगाम सुरू होण्यापूर्वीच तो दुखापतीने बाहेर गेला आणि त्याच्या जागी मालीच्या मोहम्मद सिसोकोला घ्यावे लागले. त्या संघाला ऐनवेळी दुसरा मोठा खेळाडू आणणे परवडले. आम्हाला ते शक्य नव्हते. आमचा आघाडीचा खेळाडू जानेवारीपर्यंत एक मूळचा विंगरच राहिला.

स्टॉपर

स्टॉपरचे प्रकरण वेगळ्या प्रकारचे होते. खेळाडू ३३ वर्षांचा, गोव्याचा, देशातील मोठ्या संघांकडून खेळलेला. त्याचा स्वतःचा फोन आला, एजंटमार्फत नव्हे. मी पहिलाच प्रश्न विचारला, की तुम्ही करारमुक्त आहात का. उत्तर आले, “आज नाही. पंधरा दिवसांनी.”

त्याचा करार आणखी एक वर्ष शिल्लक होता, पण मे, जून आणि जुलै असा तीन महिन्यांचा पगार थकला होता. फिफाने २०१८ मध्ये आणलेल्या १४ बिस या कलमानुसार दोन महिन्यांचा पगार थकला, तर खेळाडू संघाला लेखी नोटीस देऊन किमान पंधरा दिवसांची मुदत देतो आणि त्या मुदतीत पैसे आले नाहीत, तर योग्य कारणासाठी करार संपवू शकतो. त्याने नोटीस ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात ईमेलने पाठवली होती. मी त्याला सांगितले, की पंधरा दिवस आपण पगाराविषयी एक शब्दही बोलायचा नाही, त्याने आमच्या सरावालाही यायचे नाही आणि कोणालाही काही सांगायचे नाही.

प्रशिक्षक यावर नाराज झाले, आणि त्यांची नाराजी समजण्यासारखी होती. सरावाचे मोलाचे दोन आठवडे वाया जात होते. पण त्या काळात लागू असलेल्या १७ व्या कलमाप्रमाणे खेळाडूने योग्य कारणाशिवाय करार मोडला असे ठरले, तर नुकसानभरपाईसाठी नवा संघही त्याच्याबरोबर जबाबदार धरला जात असे. जुना संघ आम्हाला “खेळाडू आमचा आहे” असे निरोप पाठवू लागला होता. फ्रान्सच्या लासाना डायराच्या प्रकरणात ४ ऑक्टोबर २०२४ रोजी युरोपीय न्यायालयाने दिलेल्या निकालानंतर फिफाने १ जानेवारी २०२५ पासून हा नियम बदलला, आणि आता नव्या संघाने खेळाडूला करार मोडण्यास प्रवृत्त केले असे सिद्ध झाले, तरच त्याच्यावर जबाबदारी येते. आमच्या वेळी एवढे संरक्षण नव्हते. तरीही आज तीच वेळ आली, तर मी तसाच थांबेन, कारण प्रवृत्त केले की नाही हा वाद मिटवायचा सर्वांत सोपा मार्ग म्हणजे त्या पंधरा दिवसांत काहीच न करणे.

मुदत संपल्यावर तो पुण्यात आला, ते एक प्लॅस्टिकचे फोल्डर घेऊन. त्यात बँकेचे विवरण होते आणि पगार जमा झालेल्या प्रत्येक ओळीवर पिवळी खूण केलेली होती. शेवटची पिवळी ओळ एप्रिलच्या पगाराची. त्याखाली किराणा, वीज आणि मुलीच्या शाळेची फी. सोबत नोटिशीची प्रत, ती पोहोचल्याचा ईमेल आणि करार संपवल्याचे पत्र. ते सर्व आम्ही वकिलांना दाखवले. भारतातील अशी प्रकरणे राष्ट्रीय महासंघाच्या खेळाडू दर्जा समितीपुढे जातात, आणि ते तेथे गेलेच तर कोणता कागद लागेल याची यादी आम्ही सहीच्या आधीच पूर्ण केली.

एवढ्यात ट्रान्सफर विंडो, म्हणजे खेळाडूंच्या नोंदणीसाठी ठरलेला काळ, संपत आली. तेथे करारमुक्त खेळाडूसाठी असलेली सवलत उपयोगी पडली : विंडो बंद होण्यापूर्वी ज्याचा करार संपला आहे, अशा व्यावसायिक खेळाडूची नोंदणी विंडोनंतरही होऊ शकते. त्याच्या पत्रावरील तारीख विंडोच्या आतली होती. लीगच्या संघयादीची मुदत ही वेगळी बाब असल्याने त्याविषयी आम्ही आयोजकांकडून लेखी उत्तर मागवून घेतले आणि सप्टेंबरमध्ये नोंदणी पूर्ण केली. एक महिन्याचा सराव हुकला. पण त्यानंतर त्या हंगामात निलंबनाचा एक आणि तापामुळे एक, असे दोन सामने सोडले तर तो प्रत्येक सामना पूर्ण नव्वद मिनिटे खेळला, आणि कोपऱ्यावरून येणाऱ्या चेंडूवर आमची जी तारांबळ उडायची ती थांबली. जुन्या संघाने तक्रार केली नाही.

लेफ्ट बॅक

तिसरी जागा सर्वांत लवकर आणि सर्वांत स्वस्तात भरली. आमचे सहायक प्रशिक्षक कोल्हापूरचे. शाहू स्टेडियममध्ये पेठांच्या तालमींच्या फुटबॉल संघांचे सामने पाहताना त्यांनी २१ वर्षांचा एक डावखुरा मुलगा हेरला. एका संघाच्या युवा गटात दोन वर्षे राहून तो सुटला होता आणि गावी परतून तालमीकडून खेळत होता. वैद्यकीय तपासणी स्वच्छ निघाली, सराव सामन्यात प्रशिक्षकांना तो पहिल्या अर्ध्या तासातच पटला.

बोलणी करायला तो वडिलांबरोबर एसटीने स्वारगेटला उतरला. वडील शिरोलीच्या फाउंड्रीत कामाला. आम्ही आकडा सांगितला, तेव्हा ते थोडा वेळ गप्प बसले. मला वाटले कमी वाटला असावा. मग ते म्हणाले, “साहेब, पगार थोडा कमी द्या, पण तारखेला द्या. मागच्या ठिकाणी पोरगं आठ-आठ दिवस मेसवाल्याला तोंड चुकवत होतं.”

आम्ही आकडा कमी केला नाही. महिन्याच्या ५ तारखेला पगार, असे करारात लिहिले आणि ती तारीख सर्वच खेळाडूंसाठी तशीच ठेवली. हे ऐकायला साधे वाटते. प्रत्यक्षात त्यासाठी व्यवस्थापनाला एका प्रायोजकाचे हप्ते पुढेमागे करून घ्यावे लागले आणि हंगामपूर्व दौरा रद्द करावा लागला. स्टॉपरने नंतर मला सांगितले, की त्याला याहून मोठा आकडा दुसरीकडून आला होता, पण आमच्या संघातील एका जुन्या सोबत्याला फोन करून त्याने फक्त एकच गोष्ट विचारली होती, की पगार कोणत्या तारखेला होतो.

लेफ्ट बॅकच्या बाबतीत एक खंत मात्र राहिली. आंतरराष्ट्रीय बदलीत हस्तांतरण शुल्क दिले गेले, तर त्यातील ५ टक्के रक्कम खेळाडूला १२ ते २३ या वयात घडवणाऱ्या संघांमध्ये वाटली जाते. शुल्कच नसेल तर वाटायला काहीच नसते. देशांतर्गत बदलीचे नियम निराळे आहेत, पण तेथेही करारमुक्त मुलगा आला की त्याला पायात बूट नसल्यापासून खेळवणाऱ्या तालमीच्या हाती फारसे काही लागत नाही. बोसमनने खेळाडूला जे मिळवून दिले ते न्याय्यच होते. पण चेंडू, मैदान आणि संध्याकाळचा वेळ ज्यांनी दिला, त्यांचा वाटा त्या हिशेबात कोठेच येत नाही, आणि आमच्यासारख्या संघाला त्याचाच फायदा होतो. त्या वर्षी आम्ही तालमीला सरावाचे चेंडू पाठवले. ते पुरेसे नव्हते, हे मला तेव्हाही माहीत होते.

जानेवारी

हिवाळी विंडो उघडली तेव्हा स्ट्रायकरची जागा अजून रिकामीच होती. एका एजंटने २८ वर्षांच्या एका खेळाडूचे नाव सुचवले. त्याचा करार परस्परसंमतीने डिसेंबरमध्ये संपला होता. एका हंगामात खेळाडूची नोंदणी जास्तीत जास्त तीन संघांकडे होऊ शकते आणि अधिकृत सामने साधारणपणे दोनच संघांकडून खेळता येतात, म्हणून सुरुवातीलाच आम्ही त्याची त्या हंगामातील सर्व नोंदणी तपासली. आमचा संघ त्याचा त्या हंगामातील दुसराच ठरत होता. मग फिजिओंनी त्याच्या गेल्या दोन हंगामांतील खेळलेली मिनिटे मागवली, मधले मोठे खंड शोधले आणि प्रत्येक खंडाचे कारण त्याच्या जुन्या फिजिओंकडून विचारून घेतले.

एमआरआयची वेळ मंगळवारची होती. सोमवारी रात्री एजंटचा फोन आला, की दुसऱ्या संघाचा करार तयार आहे, उद्या सकाळी सही करायची आहे. मी सांगितले, की आम्ही मंगळवारी संध्याकाळी अहवाल पाहून बुधवारी सही करू, त्याआधी नाही. फोन ठेवल्यावर व्यवस्थापकांनी मला विचारले, की तो जाईल का. मी म्हटले, जाऊ शकतो.

मंगळवारी सकाळी सहकारनगरच्या निदान केंद्राबाहेर तो ठरलेल्या वेळेच्या वीस मिनिटे आधी उभा होता. थांबलात कसे, असे मी विचारले. त्याने आमच्या स्टॉपरचे नाव घेतले. दोघे पूर्वी एका संघात होते, आणि रात्री त्याने स्टॉपरला फोन केला होता.